‘मॉड्युल गेलं’ म्हणत माझे ६७,५०० रुपये लुबाडले, तुम्ही सावध राहा

गाडीतले बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरवर यू०१२१ किंवा यू०१०० असला कोड दिसला आणि गॅरेजवाला लगेच "मॉड्युल गेलं" (म्हणजे गाडीतली एखादी यंत्रणा चालवणारा छोटा संगणक गेला) म्हणाला, तर गाडीची चावी मागून घ्या आणि तिथून निघा. माझे ६७,५०० रुपये त्या दोन शब्दांवर गेले.

मुसळधार पावसानंतर डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि पॉवर स्टिअरिंगचे दिवे लागायला लागले. मधूनच लागायचे, मधूनच जायचे. चालत्या गाडीत स्टिअरिंग एकदम जड झालं, मागे मुलं बसलेली. अशा वेळी माणूस घाबरणारच, आणि घाबरलेलं गिऱ्हाईक कसं गाठायचं हे या गॅरेजवाल्यांना पाठ असतं. "साहेब, एबीएस उत्तरच देत नाहीये. ब्रेकचा मामला आहे, बघा बुवा तुम्ही."

आता मला कळतंय की यू०१२१चा अर्थ एवढाच, की बाकीच्या मॉड्युलना एबीएसकडून संदेश मिळत नाहीत. का मिळत नाहीत, हे तो कोड सांगतच नाही. बॅटरी उतरलेली असेल, फ्यूज गेला असेल, अर्थिंग ढिली असेल, कॅनच्या (मॉड्युल ज्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात तिच्या) दोन वायरींपैकी एक तुटली असेल, कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल. हे सगळं तपासून झाल्यावर मग मॉड्युलवर संशय घ्यायचा.

आणि खूण माझ्या डोळ्यांसमोर घडली होती, याचा संताप अजून जात नाही. गॅरेजवाला ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून पॅनल बघत होता. त्याचं कोपर आतल्या वायरींच्या जुडग्यावर दाबलं गेलं आणि दोन्ही दिवे विझले. कोपर उचललं, दिवे परत लागले. मेलेलं मॉड्युल कोपर लागून जिवंत होत नाही! मी विचारलंसुद्धा, "आत्ता दिवे गेले ना?" तो म्हणाला, "स्कॅनरने कोड क्लिअर केला, येईल परत." तेव्हा स्कॅनर गाडीला जोडलेलाच नव्हता, त्याची केबल सीटवर पडलेली होती. पण हातात मशीन, मशीनवर कोड, आणि तोंडी ब्रेक फेल होण्याची भाषा. इलेक्ट्रिशियन नसलेल्या कुणीही विश्वास ठेवला असता. मी हौस म्हणून पैसे दिले नाहीत, मुलांच्या जिवाच्या भीतीने दिले.

त्याचा तोंडी हिशोब असा: स्कॅनिंग १,२००. एबीएसचं ‘नवीन’ युनिट ३८,५००. कोडिंग ५,५००. मजुरी ४,३००. ऊन पडलं तसे दिवे गेले, म्हणून मीही निश्चिंत झालो. पुन्हा पाऊस आला आणि तोच कोड हजर. तर म्हणे आता इंजिनचा ईसीएम (इंजिन चालवणारं मॉड्युल) नव्या युनिटशी जुळत नाही, तो रिपेअर करावा लागेल. त्याचे १८,०००. दिवे तरीही लागतच राहिले.

शेवटी ओळखीतून दुसरा वायरमन मिळाला. त्याने आधी बॅटरीची केबल काढली, थोडं थांबला आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या, पिनांवर साधा मल्टिमीटर लावला. कॅनच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, ते समांतर जोडलेले असतात, म्हणून लाइन धड असेल तर मीटर साधारण ६० दाखवतो. इथे १२० आले, म्हणजे एक टोक तुटलेलं. त्याने ते जुडगं दाबलं, ६०. सोडलं, पुन्हा १२०. कार्पेट उचललं तर खाली ओल, आणि कनेक्टरमधली एक पिन हिरवी पडून कुजलेली. पिन आणि वायरचा तुकडा बदलला, ८५० रुपये घेतले. त्यानंतर पावसातही दिवा लागलेला नाही.

मग त्याने बोनेट उघडून एबीएस युनिट दाखवलं. ब्रेकच्या पाइपांच्या नटांवर कंपनीने मारलेली पिवळ्या रंगाची रेघ जशीच्या तशी होती. नट फिरला असता तर रेघ तुटली असती. म्हणजे ३८,५०० रुपयांचं युनिट कधी बसवलंच नव्हतं! त्याच्या हिशोबात ब्रेक ऑइलसुद्धा नव्हतं. पाइप काढून पूर्ण युनिट बदललं तर ऑइल भरून हवा काढावीच लागते.

पोलिसांकडे गेलो. "हा दिवाणी मामला आहे, ग्राहक आयोगात जा." अरे, न बसवलेल्या पार्टचे पैसे घेणं हा दिवाणी मामला? रेघेचा फोटो दाखवला, तो पाहिलाही नाही. परिवहन कार्यालयात सांगितलं, गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐकून बंद झाली. मला फोन नाही, प्रश्न नाही, नुसता मेसेज, ‘तक्रार निकाली.’ कुणाच्या बाजूने निकाली? ज्याला त्याला मला पुढच्या टेबलाकडे पाठवायची घाई. आता आयोगासाठी कागद जमवतोय तर तज्ज्ञाचं लेखी मत लागेल म्हणतात, आणि वायरमन धंद्यातल्या माणसाविरुद्ध लिहून द्यायला तयार नाही.

बिलावर पार्ट नंबर नसेल तर पैसे देऊ नका. माझ्या बिलावर ‘इलेक्ट्रिकल काम’ एवढंच आहे, आणि तिथेच घोडं अडलंय. गाडी देण्याआधी मॉड्युलच्या स्टिकरचा, सिरियल नंबरसकट, फोटो काढा. जुना पार्ट त्याच दिवशी ताब्यात घ्या, "कंपनीला परत गेला" हे ऐकून घेऊ नका. ६ आणि १४ नंबरवर किती ओहम आले, हे तोंडावर विचारा. जो मीटर न लावता पार्ट सांगतो, त्याला गाडी देऊ नका. आणि तक्रार रेंगाळू देऊ नका, ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. हे मला एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही, कायदा वाचून कळलं.