मोहाच्या हिशेबातून गणित: कोरचीकडील ग्रामसभेच्या शाळेचे परीक्षण

आपल्या मुलाचे प्राथमिक शिक्षण घरच्या भाषेतून आणि गावच्या कामाधामातून व्हावे, असे वाटणाऱ्या पालकांनी गडचिरोली जिल्ह्याच्या कोरची तालुक्यातील ही शाळा एकदा जरूर पाहावी. मात्र मूल तेथे घालण्यापूर्वी पुढच्या वर्गांचे काय, हा प्रश्न तेथील गुरुजींना स्पष्टपणे विचारावा. शाळा ग्रामसभेने ठराव करून सुरू केली आहे, शिकवण्याची भाषा गोंडी आहे, आणि मान्यतेचा अर्ज अद्याप कार्यालयात अडकलेला असल्यामुळे गावकऱ्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली. ती मी पाळतो आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला अशा ठिकाणी जाताना एक धास्ती असते. ‘आदिवासी संस्कृती’ म्हटले की बहुतेक शाळांत स्नेहसंमेलनातला रेला नाच, मोरपिसांचा मुकुट आणि भिंतीवर एखादे चित्र, एवढ्यावर काम भागते, आणि दुसऱ्या दिवशी तीच मुले पुन्हा परक्या भाषेतले धडे पाठ करू लागतात. या शाळेत तसे नाही. येथे संस्कृती गणितात आणि विज्ञानात शिरली आहे, आणि हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

मी गेलो तो मोहाचा हंगाम होता. मोहफूल पहाटे गळते, त्यामुळे उजाडण्यापूर्वीच घरातली सारी माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली असतात, आणि याच काळात सरकारी शाळांची हजेरी घसरते. या शाळेने हंगामापुरती वेळच बदलली आहे. मुले वेचणी आटोपून, भात खाऊन, जरा उशिराने येतात आणि वेचलेल्यातील थोडी फुले वर्गासाठी आणतात. कुडाच्या भिंतीवर कोळशाने एक तक्ता काढलेला होता. पहिल्या दिवशी ओली फुले 8 किलो, मग रोज उन्हात घालून केलेली मोजणी, आणि पाचव्या दिवशी 2 किलोच्या किंचित वर. साधारण दहा वर्षांच्या एका मुलीने मला तो तक्ता समजावून सांगितला. वजन सर्वांत जास्त पहिल्याच दिवशी का घटते, ढगाळ दिवशी आकडा का अडला, आणि फूल ओलसर आहे असे सांगून व्यापारी किलोमागे तूट धरतो तेव्हा ती वाजवी आहे की नाही हे कसे ताडून पाहायचे, हे सारे तिला ठाऊक होते. ती मूठभर फुले हातात घेऊन दाबत होती आणि बोटांना चिकटतात का ते दाखवत होती. शेकडेवारी हा शब्द तिने उच्चारलाच नाही, पण गणित शेकडेवारीचेच होते. शेजारी बसलेले तिचे आजोबा हसत म्हणाले, “आता हे पोरगीच मले हिशेब सांगते जी, गुरुजी.”

मोठ्या गटात विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपानांचा हिशेब चालतो. एका पुड्यात 70 पाने, आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी, हे या भागातल्या प्रत्येक घराला माहीत असते. पण भाव शेकड्याने ठरतो, मजुरी कार्डावर चढते आणि रॉयल्टी, म्हणजे पानांच्या विक्रीतला हक्काचा वाटा, पुढे वेगळी येते, तिथे अनेक कुटुंबांचा हिशेब सुटतो. गुरुजींनी सरावासाठी कार्डे तयार केली आहेत. 1,260 पुडे, शेकडा 600 रुपये, तर मजुरी किती? मुले 7,560 हे उत्तर तोंडीच काढतात. त्यानंतर एका कार्डावर मुद्दाम चुकवलेला आकडा शोधायला दिला जातो. वनहक्क कायदा 2006 साली आला, मेंढा (लेखा) या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूचा व्यवहार स्वतः करू लागल्या. त्या व्यवहाराचे रजिस्टर वाचू शकणारी पिढी तयार करणे, हा या शाळेचा न बोललेला उद्देश आहे. शाळेचा खर्चही मुख्यतः त्याच उत्पन्नातून ग्रामसभा करते.

गटांविषयी सांगायला हवे. पहिली, दुसरी अशा इयत्तांऐवजी तीन गट आहेत आणि मूल तयार झाले की वरच्या गटात जाते. लहान गटात उंदी, रंड, मूंद अशी गोंडी मोजणी, माती, बिया, गोष्टी. मधल्या गटात सगा (देवांच्या संख्येवरून पडलेले कुळांचे गट) आणि गोत्र यांवरून वर्गीकरण शिकवले जाते, आणि हा भाग मला फार आवडला. चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गटांत कोणते कूळ येते, कोणत्या कुळाने कोणते झाड, पक्षी किंवा प्राणी राखायचा, हे मुले घरून विचारून येतात आणि वर्गात त्याची मोठी यादी होते. मग गुरुजी तीच यादी दुसऱ्या पद्धतीने लावायला सांगतात: कणा असलेले, नसलेले, अंडी घालणारे, पिलांना दूध पाजणारे. एकाच यादीचे दोन नियमांनी दोन वेगळे गट होतात, हे या वयात हाताने करून पाहिलेले मूल पुढे विज्ञानाच्या पुस्तकातल्या तक्त्याला घाबरणार नाही.

लिपीबाबतही शाळेने शहाणपण दाखवले आहे. गोंडीसाठीची मसराम लिपी 1918 मध्ये बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केली, तिची अक्षरे भिंतीवर लावलेली आहेत आणि मोठी मुले आपले नाव त्या लिपीत लिहितात. पण रोजचे गोंडी लेखन देवनागरीत होते. अस्मितेच्या भरात उलटे करण्याचा मोह झाला असता, तर मुलांना मराठी वाचायला दुप्पट वेळ लागला असता.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव मराठीकडे वळण्याच्या टप्प्यावर आहे. मधल्या गटात मराठी सुरू होते खरी, पण तिचे नियोजन मोहाच्या तक्त्याइतके विचारपूर्वक केलेले दिसले नाही. गोंडीतून मराठीत नेणारी छापील सामग्री नाही, गुरुजी जे हाताने लिहितात तेवढेच, आणि इंग्रजी तर पाहुण्यासारखी येते आणि जाते. याचा फटका पाचवीनंतर बसतो. शाळेला मान्यता नसल्यामुळे दाखल्याचे वजन कमी पडते. वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण तालुक्याच्या शाळेत ती प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागते, आणि शिष्यवृत्ती व पोषण आहार तर मिळतच नाहीत. मोठ्या गटातील मुलांना दहावी 17 नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरून किंवा मुक्त विद्यालयातून देता येईल, असे मला सांगण्यात आले. मात्र त्यासाठी कोणत्या वर्षी काय शिकवायचे, याचा कागद कोणी दाखवू शकले नाही.

कायद्याची बाजू या शाळेपुरती नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तेव्हा मान्यतेचा हाच प्रश्न उभा राहिला आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. विनामान्यता शाळा चालवल्यास शिक्षण हक्क कायद्यात एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्य तोवर मातृभाषेतून शिकवावे असेही म्हटले आहे, आणि राज्यघटनेचे कलम 350अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचे काम राज्यावर सोपवते. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा नोंदवणारे 29 लाखांहून अधिक होते, तरीही ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, नाही. वर्ध्याला 1937 मध्ये सूतकताईसारख्या हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला गेला. त्याच विदर्भात टकळीऐवजी मोहाची टोपली घेतलेल्या शाळेला दंडाची भीती बाळगावी लागते, याची खंत वाटते.

दुसरी उणीव अधिक नाजूक आहे. परंपरा शिकवायची, तर तिच्यातले सगळेच शिकवायचे का? पाळीच्या दिवसांत बायामुलींना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागण्याची प्रथा या भागात अजून आहे. त्याबद्दल विचारले तेव्हा पुरुष शिक्षक गप्प झाले, आणि शिक्षिकेने सांगितले की मुलींशी ती वेगळे बोलते, आरोग्याचे सांगते, पण हा विषय सर्वांसमोर काढत नाही. तिची अडचण मला समजते. ग्रामसभाच शाळा चालवते आणि ग्रामसभेत त्या प्रथेचे पाठीराखेही बसतात. तरी जी शाळा व्यापाऱ्याच्या तुटीवर प्रश्न विचारायला शिकवते, तिने हा प्रश्न मुलींच्याच माथी ठेवू नये. औषधी वनस्पतींच्या तासालाही असेच घडले. वैदूबाबांनी जे सांगितले ते मुलांनी वहीत जसेच्या तसे उतरवले. कोणते खरोखर चालते, कोणते धोक्याचे, याची छाननी झाली नाही.

इमारत साधी आहे. बांबूच्या ताट्या, कवेलूचे छप्पर, सारवलेली जमीन. स्वच्छता चांगली, शौचालय मुलींसाठी वेगळे, वीज मात्र भरवशाची नाही. जेवणात भात, वरण आणि रानभाजी. शुल्क पैशात घेत नाहीत. घराच्या ऐपतीप्रमाणे धान आणि पाळीने स्वयंपाकाला हात, एवढेच.

लहान मुलांसाठी, म्हणजे सहा ते दहा वयासाठी, ही शाळा मी निःसंकोच सुचवीन, आणि घरी गोंडी बोलणाऱ्या कुटुंबांना तर आग्रहाने. त्यावरील वयासाठी मात्र सध्या थांबावे, किंवा मराठीची तयारी घरी करून घेण्याची जबाबदारी पालकांनी स्वतः उचलावी. पाहायला जाणाऱ्यांनी रेल्वेने वडसा गाठावे आणि तेथून कुरखेड्यामार्गे कोरचीची बस धरावी. आधी ग्रामसभेला निरोप द्यावा आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. प्रवेशाचा निर्णय ग्रामसभेच्या बैठकीत होतो, म्हणून अर्ज तेंदूचा हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यावा, कारण मे महिन्यात अर्ज घ्यायला गावात कोणी सापडत नाही.