पहिल्या क्रॅकसाठी इंडियन क्रीक की योसेमिटी?

जिममधल्या भिंतीवर किंवा बदामीच्या बोल्ट केलेल्या मार्गांवर तयार झालेला माणूस पहिल्यांदा क्रॅकवर, म्हणजे कातळातल्या फटीवर, चढतो, तेव्हा त्याची ग्रेड (मार्ग किती अवघड, याचा आकडा) धाडकन खाली येते. ५.११ सहज करणारा ५.९ च्या फटीत धापा टाकतो (या मोजणीत ५.११ हे ५.९ पेक्षा अवघड). हे बहुतेकांचं होतं, आणि माझ्या मते प्रत्येक आरोहकाच्या वाट्याला असा एक दिवस यायलाच हवा. तो कुठे घालवायचा, एवढंच ठरवायचं. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा खास चढाईसाठी तिकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींसमोर सहसा दोन नावं येतात: युटातलं इंडियन क्रीक आणि कॅलिफोर्नियातलं योसेमिटी. दोन्हीकडे मी एकाच मैत्रिणीबरोबर चढलो आहे. जिममध्ये आम्हा दोघांची ग्रेड सारखीच, त्यामुळे तुलना करायला बरं पडतं.

क्रीकचा कातळ म्हणजे विंगेट वालुकाश्म. तिथली फट पायथ्यापासून अँकरपर्यंत (वर दोर बांधायच्या जागेपर्यंत) जवळजवळ एकाच मापाची असते, दोन्ही कडा समांतर आणि बाजूला धरायला काही नाही. पंजा आत सरकवायचा, अंगठा तळव्याकडे दुमडायचा आणि अंगठ्याच्या मुळाशी असलेला स्नायू फुगवून हात अडकवायचा. पायासाठी गुडघा बाहेर काढायचा, बूट आडवा करून करंगळीची बाजू खाली ठेवत आत घालायचा आणि गुडघा पुन्हा सरळ आणायचा. बूट पिळला जातो आणि त्यावर चक्क उभं राहता येतं. पण यावर विश्वास बसेपर्यंत माणूस हातांनीच ओढत राहतो. हात पंप होतात, म्हणजे थकून फुगतात, आणि पुढचा जॅम (फटीत अडकवलेला हात) आपोआप निसटतो.

तिथे ग्रेडपेक्षा हाताचं माप मोठं ठरतं. डॉनेली कॅन्यनमध्ये लाल कॅमच्या (कॅम म्हणजे फटीत बसवून दोर अडकवायचं साधन, रंगावरून त्याचं माप कळतं) मापाच्या एका फटीत तिचा पंजा मनगटापर्यंत आत जात होता, माझा बोटांच्या पेरांपाशीच अडत होता. ती एका लयीत वर गेली. मी टॉप रोपवर (वरून बांधलेल्या दोरावर) असूनही प्रत्येक दोन हालचालींनंतर दोराला लटकत होतो. खालून तिचा आवाज येत होता, ‘अरे, ओढू नकोस, पायावर उभा राहा!’ पुढे निळ्या कॅमच्या रुंद फटीत पारडं फिरलं. तिचा पंजा आत सैल पडू लागला आणि मूठ घालावी तर तीही नीट बसेना. तीच फट मला मात्र मानवली. म्हणून क्रीकमध्ये मार्ग निवडताना पुस्तकातल्या आकड्याआधी लागणाऱ्या कॅमचं माप बघा आणि ते दोघांच्याही पंजांशी ताडून बघा.

खर्चही तिथेच वाढतो. फट एकाच मापाची, त्यामुळे एकाच रंगाचे सहा किंवा त्याहूनही जास्त कॅम एका मार्गाला लागू शकतात. एक कॅम शंभर डॉलरच्या आसपास जातो. दोघांचा रॅक (कॅम वगैरेंचा संच) पुरत नाही, दोन-तीन जोड्यांनी सामान एकत्र करावं लागतं. (सुपरक्रॅक हा तिथला मार्ग १९७६ मध्ये पहिल्यांदा चढला गेला तेव्हा बाजारात कॅम आलेलेच नव्हते. हेक्स, म्हणजे धातूचे षट्कोनी ठोकळे, लावत ती फट लीड करणाऱ्यांबद्दल, म्हणजे दोर घेऊन आधी चढणाऱ्यांबद्दल, मला अपार आदर आहे.) शिवाय ५.१० च्या खालचे मार्ग तिथे फार थोडे आहेत.

योसेमिटीत याच्या अगदी उलट. ग्रॅनाइटमधली फट रुंद होते, चिंचोळी होते, मधेच मिटते. बाजूला पाय टेकायला एखादी कड मिळते. हात वेगवेगळ्या मापांत घालावे लागतात, पण एकाच जॅमवर संपूर्ण पिच (एका दोराच्या लांबीत चढायचा टप्पा) अडून राहत नाही. मॅन्युअर पाइल बट्रेस या कड्यावरचे आफ्टर सिक्स (५.७) आणि नटक्रॅकर (५.८) हे नवशिक्या जोडीला झेपतील असे अनेक पिचचे मार्ग. नटक्रॅकर रॉयल आणि लिझ रॉबिन्स या आरोहक जोडप्याने १९६७ मध्ये पिटॉन (कातळात ठोकायचे खिळे) न ठोकता, फक्त नट (फटीत अडकवायचे धातूचे तुकडे) लावून पूर्ण केला. इथे अंगावर येतो तो गुळगुळीतपणा. हजारो बुटांनी घासलेला ग्रॅनाइट पायाखालून सटकतो, आणि तिथल्या जुन्या ग्रेड आजच्या जिमच्या हिशेबाने फारच कडक वाटतात. बऱ्याच ठिकाणी अँकरही स्वतःच बांधावा लागतो.

सह्याद्रीतून गेलेल्यांना इथे एक फायदा आहे. आपल्या बेसाल्टमध्ये लांब, सलग फटी क्वचितच मिळतात, त्यामुळे जॅमिंगचा सराव नसतो. पण सुळक्यांवर उंचीची सवय होते, दोर हाताळता येतो, सैल दगडाचा अंदाज येतो. योसेमिटीच्या तिसऱ्या-चौथ्या पिचवर हे सगळं कामाला येतं. क्रीकमधल्या एका पिचच्या फटीत त्यातलं फारसं काही उपयोगी पडत नाही.

माझं मत विचाराल तर निर्णय जोडीदारावर घ्या. दोघांपैकी एकजण क्रॅकवर पक्का लीड करणारा असेल, तर डोळे झाकून क्रीकला जा. त्याने दोर वर लावावा आणि दुसऱ्याने तीच फट पुन्हा पुन्हा चढावी. तीस मीटर एकच जॅम घोटवून घेणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. दोघेही नवे असाल, तर योसेमिटी. आधी सोप्या मार्गांवर आलटून पालटून लीड करा आणि दुसऱ्याने लावलेलं प्रोटेक्शन (कॅम, नट) काढताना ते कसं बसलं होतं ते नीट पाहा. दोघांतला एक फार चिडखोर असेल तरीही योसेमिटीच बरी. तिथे दिवसाच्या शेवटी निदान माथ्यावर पोचल्याचं समाधान मिळतं. क्रीकमध्ये दिवसभर एकाच फटीखाली उभं राहण्याचा संयम दोघांकडेही लागतो.

हाताच्या पाठीला टेप किंवा क्रॅक ग्लव्ह्ज दोन्हीकडे हवेतच. बूट सपाट आणि ताठ घ्या; बोटं दुमडणारे घट्ट बूट फटीत पिळले की जीव जातो. क्रीकसाठी वसंत किंवा शरद ऋतू निवडा, ७० मीटरचा दोर न्या आणि पिण्याचं पाणी मोआब किंवा माँटिसेलोतून भरून घ्या, तिथल्या कॅम्पवर ते मिळत नाही. योसेमिटीत पावसानंतर ग्रॅनाइट लवकर सुकतो. क्रीकचा वालुकाश्म मात्र ओला असताना ठिसूळ होतो. कडा तुटतात, कॅम उपटून येतात. वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते, म्हणून सुट्टीत एक-दोन दिवस जादा धरूनच निघा.