बीपीचं मशीन घरी आणल्याला आठ महिने झाले

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं डिजिटल मशीन आठ महिन्यांपूर्वी घेतलं, तेव्हा वाटलं होतं की बटण दाबलं, आकडा आला, काम झालं. पहिले तीन आठवडे तसंच चाललं आणि ते सगळे आकडे शेवटी फुकट गेले.

झालं असं की गोळी नियमित घेऊनही वरचा आकडा 148 ते 152 च्या खाली येईना. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते. पण त्याआधी म्हणाले, "मशीन घेऊन या एकदा." त्यांनी टेप काढून माझा दंड मोजला. घेर 36 सेंटीमीटर. पट्ट्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं, 22 ते 32. तीन आठवडे पट्टा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण मी ते कधी वाचलंच नव्हतं. पट्टा लहान पडला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा आणला आणि त्याच गोळीवर आकडे 134-136 वर आले. डोस वाढवावा लागला नाही. विकणाऱ्याने दंडाचा घेर विचारायला हवा होता, याचा मला आजही राग आहे. एका छोट्या मापापायी मी विनाकारण जास्त औषध घेत बसलो असतो.

तेव्हापासून मोजण्याची पद्धत पक्की केली. सकाळी गोळी घ्यायच्या आधी आणि रात्री. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, हात टेबलावर टेकलेला. चहा-कॉफी किंवा व्यायाम झाला असेल तर अर्धा तास थांबायचं. एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत. आणि मोजताना बोलायचं नाही! एकदा फोनवर बोलता बोलता मोजलं तर आकडा बारा-तेराने चढला. फोन ठेवून पुन्हा मोजलं, तर उतरला.

वहीचा खरा उपयोग पाचव्या महिन्यात कळला. गुडघा दुखतो म्हणून मी दहा दिवस आयबुप्रोफेन घेत होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत आकडे 145 च्या वर गेलेले. डॉक्टरांनी तारखा बघितल्या आणि विचारलं, "या दिवसांत दुसरं काही औषध चालू होतं का?" अशा वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात मीठ आणि पाणी साठतं, बीपी वाढतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी दुसरा उपाय दिला, आठवड्याभरात आकडे खाली.

दवाखान्यात माझं बीपी अजूनही घरच्यापेक्षा जास्त येतं. तपासणीच्या वेळच्या ताणाने पुष्कळांचं तसं होतं, म्हणून बीपी जास्त म्हणायची रेघ दवाखान्यात 140/90, तर घरी 135/85 अशी धरतात. उलटही घडतं. दवाखान्यात सगळं ठीक दिसतं आणि घरी वाढलेलं असतं. तो प्रकार जास्त घातक, कारण पत्ताच लागत नाही.

उणिवाही सांगतो. ठोके अनियमित असतील तर या मशीनवर तितका भरवसा ठेवता येत नाही, अशा माणसाने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. काळजी करणारा स्वभाव असेल तर मशीन हातचं सुटत नाही. सुरुवातीला मी रात्री सहा-सहा वेळा मोजायचो आणि प्रत्येक वेळी घाबरून आकडा आणखी वाढायचा. आता दोन वेळा ठरल्या आहेत, मधे मशीन कपाटात. डॉक्टरांनी एक सूचना मात्र ठळक लिहून दिली आहे: 180/120 च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलणं अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल, तर पुन्हा मोजत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. तो कागद मी मशीनच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

घ्यायचं असेल तर मनगटाचं नको, दंडाचंच घ्या. आणि दुकानात जायच्या आधी घरी टेपने दंडाचा घेर मोजा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध.