गव्हर्नरच्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स ऑनलाइन शोधणं : काही महिन्यांनंतरचा अनुभव

मी अमेरिकेत न्यू जर्सीत कम्प्लायन्सचं, म्हणजे कंपनी सरकारी नियम पाळतेय ना हे बघण्याचं काम करते, कंपनीची ऑफिसं बऱ्याच राज्यांत आहेत, त्यामुळे गेले काही महिने राज्यांच्या गव्हर्नरांनी काढलेल्या एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स, म्हणजे सरकारी आदेश, शोधणं हे रोजचंच झालंय. प्रेसिडेंटच्या ऑर्डर्स फेडरल रजिस्टरवर (केंद्र सरकारचं राजपत्र) एका जागी मिळतात, राज्यांचं तसं काही नाही, 50 राज्यं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आपल्या महाराष्ट्राच्या जीआरच्या साइटवर सांकेतांक टाकला की पीडीएफ समोर येते, त्याची इथे फार आठवण येते.

माझं ऐकाल तर आधी नंबर कसे देतात ते बघा, अर्धं काम तिथेच होतं. कॅलिफोर्नियाची एन-33-20 म्हणजे गव्हर्नर न्यूसमची, 2020 ची, कोविडमधली घरात थांबा म्हणणारी, त्याच्या आधीच्या गव्हर्नरांपैकी ब्राउनच्या ऑर्डर्स बी ने सुरू होतात आणि श्वार्झनेगरच्या एस ने. टेक्ससमध्ये गव्हर्नर ॲबटच्या जीए ने, त्याच्या आधीच्या पेरीच्या आरपी ने. फ्लोरिडात साल आधी, 20-91 म्हणजे 2020 ची 91 नंबरची. न्यू जर्सीत मात्र गव्हर्नर बदलला की परत 1 पासून, म्हणून नुसतं 'ऑर्डर 107' म्हणून चालत नाही, गव्हर्नर मर्फीचीही 107 आहे नि त्याच्या आधीच्या ख्रिस्टीचीही. न्यूयॉर्कने तर कोविडमध्ये 202 काढली आणि मग 202.1, 202.2 करत शंभरच्या वर नेली, आता त्यातलं नेमकं काय कधीपर्यंत लागू होतं हे बघायला शेवटून मागे वाचत यावं लागतं, खूप वेळ जातो.

गव्हर्नरच्या स्वतःच्या साइटवर फार विसंबू नका. एका राज्यात गव्हर्नर बदलला आणि मी सेव्ह केलेल्या सगळ्या लिंका एका रात्रीत बंद. तेव्हापासून पीडीएफ लगेच उतरवून ठेवते, आणि जुनं काही हवं असेल तर सरळ लायब्ररीकडे जाते. टेक्ससची लेजिस्लेटिव्ह रेफरन्स लायब्ररी (विधिमंडळाची लायब्ररी) फारच छान आहे, जुन्या गव्हर्नरांच्या ऑर्डर्ससुद्धा नीट लावून ठेवल्यात. तिथेही नाही मिळालं तर वेबॅक मशीन, म्हणजे वेबसाइट्सच्या जुन्या प्रती साठवणारी साइट.

अजून एक, ऑर्डर सापडली म्हणजे नियम सापडला असं नाही. कॅलिफोर्नियाच्या एन-79-20 मध्ये 2035 पर्यंत राज्यात विकल्या जाणाऱ्या नव्या कार सगळ्याच्या सगळ्या झिरो एमिशन (धूर न सोडणाऱ्या) व्हाव्यात असं उद्दिष्ट आहे, पण नियम बनवायला सांगितलंय राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाला (हवा प्रदूषण बघणारी संस्था), म्हणजे पुढचा शोध तिकडे.

आणि स्कॅन केलेल्या पीडीएफ! आत शब्द शोधताच येत नाही, अशा वेळी राज्याचं रजिस्टर (राजपत्र) उघडून बघा, ऑर्डर तिथे छापलेली असेल तर मजकूर कॉपी तरी करता येतो.