कंदिलाचा संच: सांगाडा चोख, कागद आखूड

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मुलांकडून आकाशकंदील करून घेण्यासाठी एक तयार संच मी शहरातल्या एका विक्रेत्याकडून टपालाने मागवला. किंमत 449 रुपये, टपालखर्च 60 रुपये वेगळा, आणि वेंगुर्ल्यात घरपोच यायला सहा दिवस. खोक्यावर ‘वय 6 ते 12’ असे छापलेले आहे. आमच्या घरी हा संच आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची पुतणी आणि सत्तरी ओलांडलेले सासरे अशा तिघांनी मिळून केला, त्यामुळे त्या वयोमर्यादेविषयी मला निःपक्षपातीपणे काही सांगता येणार नाही.

खोक्यात बांबूच्या 20 सेंटिमीटर लांबीच्या 26 कामट्या, छोट्या रबरांची पुडी, दोऱ्याचे रीळ, चार रंगांचा कापलेला पतंगी कागद, डिंकाची कांडी, एक मेणदिवा आणि मराठीत छापलेले माहितीपत्रक होते. कामट्यांची कुसळे काढून त्या घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात बांबू देताना एरवी वाटणारी धास्ती त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच गेली.

या संचाचे खरे मोल सांगाड्यात आहे. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन आधी बांधायचे, त्यांपैकी चार चौकोन टोकावर उभे धरून कोपऱ्याला कोपरा जोडत गोल फिरवायचे, आणि मग उरलेल्यांपैकी एक वर व एक खाली आडवा बसवायचा. 24 कामट्या, 12 सांधे, आणि चौकोनांच्या मध्ये आपोआप तयार होणारे 8 त्रिकोण. पत्रकात हे त्रिकोण वेगळे बांधायला सांगितलेलेच नाहीत. शेवटचा चौकोन बसल्यावर ते मुलाच्या लक्षात आले आणि तो आठही त्रिकोण बोटाने दोनदा मोजून आला. चौकोन बांधण्यासाठी दोऱ्याऐवजी रबर देण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याने लहान मुलांबरोबर बसून हे काम नक्की केलेले असणार. गाठ न येणाऱ्या मुलालाही रबराचे तीन वेढे देता येतात, आणि चौकोन तिरका झाला तर तो न सोडता नुसता दाबून सरळ करता येतो. सगळे जमल्यावर त्यावरून दोरा आवळावा, असे पत्रक सांगते आणि तेच योग्य आहे.

मात्र तीन कामट्या दोरा आवळताना टोकाला उभ्या चिरल्या आणि जादा दिलेल्या होत्या दोनच. सासऱ्यांनी नातवाला आधीच बजावले होते, “सुकलेली आसा ती, घट्ट आवळशीत तर फुटतली.” तिसरी कामटी त्यांनी परसातल्या माणग्याच्या, म्हणजे कोकणातल्या एका जातीच्या बांबूच्या, तुकड्यातून कोयतीने काढून दिली. ज्यांच्या परसात माणगा नाही, त्यांचे काम इथेच अडेल. जादा कामट्या निदान सहा तरी हव्यात.

कागदाच्या बाबतीत संच सरळसरळ फसला आहे. ‘कागद कामटीवरून आत दुमडून चिकटवा’ असे पत्रकात ठळक छापले आहे, पण चौकोनी तुकडे कापलेले आहेत बरोबर 20 सेंटिमीटरचे, म्हणजे कामटीच्याच लांबीचे. दुमडायला कडेला जागाच नाही. चारही बाजूंनी एकेक सेंटिमीटर सोडून तो 22 सेंटिमीटरचा कापायला हवा होता. त्रिकोणांचीही तीच गत. आम्ही आखूड तुकड्यांच्या झिरमिळ्या केल्या आणि बाजारातून नवा पतंगी कागद आणला. विक्रेत्याला कळवले, तेव्हा ‘पुढील वेळी काळजी घेऊ’ असे एका ओळीचे उत्तर आले. कागद काही आला नाही.

डिंकाची कांडी कोकणात निरुपयोगी ठरते. परतीचा पाऊस रेंगाळलेला असला की आमच्याकडे पापडही सादळतात. तिथे त्या डिंकाने लावलेली कड रात्रीत सुटून सकाळी वाऱ्यावर फडफडत होती. शेवटी पाव वाटी मैदा आणि वाटीभर पाणी मंद आचेवर ढवळत शिजवून खळ केली. पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुले तीच बोटे तोंडात घालतात आणि मोरचूद विषारी असते, म्हणून मी ते घातले नाही. त्यापेक्षा खळ थोडी करावी आणि त्याच दिवशी संपवावी. खळीने लावलेला पतंगी कागद ओला असताना सुरकुतलेला दिसतो, पण वाळला की ताणून बसतो. पुतणीने त्यावर टिचकी मारली तेव्हा डफासारखा बारीक आवाज आला, आणि त्यानंतर उरलेल्या प्रत्येक बाजूवर टिचकी मारण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. एक त्रिकोण त्यात फाटला.

मेणदिवा मी खोक्यातून काढून बाजूला ठेवला. पतंगी कागदाच्या आत उघडी ज्योत ठेवायला देणे, तेही मुलांच्या संचात, मला अजिबात पटलेले नाही. वरचा चौकोन उघडा ठेवून त्यातून अर्ध्या वॅटचा एलईडी बल्ब सोडला. तो तापत नाही आणि एवढ्या कंदिलाला पुरतो. बाजूच्या कोपऱ्यांवर लावायच्या करंज्यांचा पत्रकात उल्लेखही नाही. कागद कोपऱ्याकोपऱ्यात दुमडून पोट फुगवलेल्या या करंज्यांवाचून कंदील बोडका दिसतो, असे सासऱ्यांचे मत पडले आणि त्यांनी चार करून लावल्या.

सांगाड्याला दोन संध्याकाळी आणि कागदाला एक अख्खा रविवार लागला. ‘दोन तासांत तयार’ हा खोक्यावरचा दावा मुलांना वगळून केला असावा. ज्यांच्या घरी कंदील बांधणारे कोणी उरलेले नाही, त्यांनी सांगाडा शिकण्यापुरता हा संच एकदा घ्यावा, आणि कागद व मैदा आपला आणून ठेवावा. आम्ही पुन्हा घेणार नाही. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे कारीट फोडायला मुले अंगणात आली तेव्हा कंदील दारात पेटलेला होता. तुळशीच्या लग्नानंतर कागद सोलून सांगाडा माळ्यावर ठेवला आहे, आणि मुलाने त्याला एक चिठ्ठी बांधली आहे: ‘चौकोन 22’.