दोन कुत्री, एक मोटरहोम आणि मिनेसोटाबाहेरचा हिवाळा: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, तपशील मागून. कुत्र्यांना घेऊन बर्फातून बाहेर पडायचं असेल तर मोटरहोमसारखी दुसरी सोय नाही. पण ती गाडी माणसांच्या डोळ्यांनी बघून घेऊ नका. विकणारा तुम्हाला पलंग, शॉवर, ओटा, टीव्ही दाखवतो. तुम्ही सरळ फरशीवर मांडी घालून बसा आणि तिथून गाडी बघा. चार महिने कुत्री तिथेच राहणार आहेत, आणि थंडीत गाडीतली सगळ्यात गार जागाही तीच असते.

आम्ही मिनियापोलिसला राहतो. बंडू लॅब्राडॉरच्या मिश्र जातीचा, भरघोस अंगाचा. चिंगी पुण्याहून आणलेली गावठी, आखूड केसांची, सडपातळ. जानेवारीत पारा उणे २५ सेल्सियसपर्यंत उतरला की ती अंगणात चार पावलं टाकते आणि एकेक पाय वर धरून उभी राहते. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजाच्या भेगांत शिरतं, ते वेगळंच. बूट घालून पाहिले, मलम लावून पाहिलं. तिचं वय वाढत चाललंय आणि दर हिवाळ्यात तिचं फिरणं कमी होत होतं. म्हणून २४ फुटी, फोर्डच्या चासीवरची जुनी क्लास सी (चालकाच्या केबिनवर पुढे आलेल्या पलंगाची) गाडी घेतली. डिसेंबरच्या सुरुवातीला निघालो, मार्च संपताना परतलो.

गाडीत स्लाइड-आउट नाही, हे मुद्दाम. बाहेर सरकणाऱ्या भिंतीमुळे जागा वाढते हे खरं, पण ती आत घेताना खाली शेपूट किंवा पाय आहे का हे दर वेळी बघावं लागतं. शिवाय तिच्या रबरी पट्ट्यांतून गार वारा येतो तो थेट फरशीवर. आम्हाला जागा कमी पडली, पण एकदाही पस्तावलो नाही.

आता हीटरबद्दल, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. थर्मोस्टॅट छातीच्या उंचीवर असतो. तो २० सेल्सियस दाखवत असताना मी साधा थर्मामीटर चिंगीच्या अंथरुणाशेजारी ठेवला, तर तिथे ११ होते. त्या दिवसापासून थर्मोस्टॅटचा आकडा आमच्यासाठी बाद. फरशीवर फोमच्या जाड चटया, त्यावर रग, आणि अंथरूण गरम हवेच्या जाळीपासून हातभर लांब, असं केल्यावर ती पाय पोटाशी न घेता पसरून झोपायला लागली.

हीटर प्रोपेनवर चालतो. प्रोपेन उणे ४२ सेल्सियसला उकळतो, त्यामुळे गॅस थंडीनं अडत नाही. अडतो तो पंखा, कारण तो बॅटरीवर चालतो. आणि अडतात कुत्र्यांचे केस. आयोवात एका रात्री पंखा नुसता घरघरत राहिला, ज्योत पेटेना. बाहेर बर्फ भुरभुरत होता. आत हवा खेचणारी जाळी उघडली तर बंडूच्या केसांचा नमदा जमलेला. तो काढला तरी पेटेना. मग नवऱ्याने हीटरच खोलला. आत सेल स्विच नावाची पातळ पत्र्याची एक पट्टी असते. पंख्याच्या वाऱ्यानं ती ढकलली गेली तरच गॅस सुटतो. तिच्या बिजागरीत दोन-तीन पांढरे केस गुंतले होते, बस्स एवढंच. चिमट्यानं ते ओढून काढले आणि हीटर पहिल्या झटक्यात पेटला. तेव्हापासून जाळीला बाहेरून बारीक फिल्टर लावलाय आणि दर आठवड्याला व्हॅक्यूम फिरवतो. कुत्री असलेल्या प्रत्येकानं निघण्यापूर्वी हे एक काम करावंच.

तसंच गॅसगळतीच्या अलार्मचं. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून हा अलार्म फरशीजवळ असतो. म्हणजे गळती झालीच तर आधी कुत्र्यांच्या नाकाशी. त्याच्या फटीतही केस बसतात. ते पुसत राहा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना, हेही बघा.

निघताना नळात पाणी भरायचं नाही, नाहीतर पाइप फुटतात. टेक्सासपर्यंत आम्ही कॅनमधल्या पाण्यावर काढलं आणि पाइपात गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) ठेवलं. ते प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, नळांसाठीच बनवलेलं. गाडीच्या इंजिनातलं अँटीफ्रीझ बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं. ते चवीला गोड, कुत्री चाटतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. पंपावर गाड्यांखाली हिरवट डबकं दिसलं की पट्टा आखडून धरा.

रस्ता निवडताना फक्त दक्षिण बघू नका, उंचीही बघा. नकाशावर आय-४० महामार्ग सरळ दिसतो, पण त्यावरचं अ‍ॅरिझोनातलं फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर आहे आणि तिथे भरपूर बर्फ पडतो. आम्ही आय-३५ नं टेक्सासमधल्या फोर्ट वर्थपर्यंत उतरलो, मग आय-२० आणि आय-१० नं पश्चिमेला वळलो. पश्चिम टेक्सासचा आडवा वारा या उंच गाडीला ढकलतो, तेव्हा तिथे सावकाश. पेट्रोल गॅलनला साधारण नऊ मैल, म्हणजे खिसा भरलेलाच हवा.

न्यू मेक्सिकोत लास क्रुसेसला थांबून व्हाइट सँड्स राष्ट्रीय उद्यानात गेलो. अमेरिकेच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना पायवाटांवर मज्जाव असतो. व्हाइट सँड्सला मात्र पट्ट्यासह जाता येतं. तिथली वाळू जिप्समची आहे, उन्हातही तापत नाही. चिंगीनं आयुष्यात पहिल्यांदा डिसेंबरमध्ये धाव घेतली ती तिथे, पट्टा ताणून, पांढऱ्या टेकडीवर सरळ वर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जायच्या आधी रस्ता उघडा आहे का ते बघा, शेजारच्या तळावर क्षेपणास्त्र चाचणी असली की तो काही तास बंद ठेवतात.

मुख्य मुक्काम अ‍ॅरिझोनात क्वार्ट्झसाइटला. ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे, तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगामाचा परवाना मिळतो. आम्ही १८० डॉलर भरले. दोन आठवड्यांचा ४० डॉलरला होता. पाणी, कचरा, सांडपाणी ओतायची जागा एवढीच सोय, वीज तुमची तुम्ही बघायची. आमचं सगळं छतावरच्या सोलर पॅनलवर चाललं. लिथियम बॅटरी मात्र शून्याखाली चार्ज करू नये, म्हणून ती पलंगाखाली, आतल्या उबेत बसवून घ्या. गाव वाळवंटात सखल भागात आहे. जानेवारीत दुपारी वीसच्या आसपास, पहाटे पाच-सहा सेल्सियस. कुत्र्यांना याहून छान हवा नाही. (गावच्या स्मशानात हाजी अलीची समाधी आहे. १८५६ मध्ये अमेरिकी लष्करासाठी उंट आणले त्यांच्याबरोबर आलेला हा माणूस. दगडी पिरॅमिड, वर तांब्याचा उंट. मुंबईकरांनी नाव ऐकून थांबावंच.)

त्रास होतो तो चोया नावाच्या निवडुंगाचा. झुडपाला नुसता चाटून गेला तरी त्याचा काटेरी तुकडा पायाला चिकटतो. हातानं ओढू नका, काटे तुमच्या बोटात बसतात. बंडू दातानं काढायला गेला आणि काटे ओठात. एकानं डोकं मांडीत घट्ट धरायचं, दुसऱ्यानं साधा मोठ्या दातांचा कंगवा तुकड्याखाली घालून झटका द्यायचा. उरलेले काटे चिमट्यानं, एकेक. कंगवा आणि चिमटा मी कमरेच्या पाउचमध्येच ठेवायचे. रात्री कोल्ह्यांसारखे कायोटी ओरडतात, त्यामुळे अंधारात पट्ट्याशिवाय बाहेर नाही.

मार्चमध्ये प्रश्न उलटा होतो. ऊन वाढतं आणि बंद गाडी बघता बघता तापते. एसी आमच्या सोलरवर चालत नाही, त्यासाठी आम्ही वीज असलेल्या एका खासगी कॅम्पमध्ये गेलो. तिथे एका दुपारी वीज गेली. आम्ही किराणा आणायला गेलो होतो. गाडीत मोबाइल सिग्नलवर चालणारं तापमान कळवणारं यंत्र होतं, त्याचा संदेश आला तेव्हा आत २९ झाले होते. पोचेपर्यंत कुत्री धापा टाकत होती, पण सुखरूप होती. कॅम्पवाल्यांनी जनरेटरची व्यवस्था असल्याचं आधी सांगितलं होतं, प्रत्यक्षात काही नव्हतं. ते यंत्र वायफायवरचं घेतलं असतं तर वीज जाताच तेही मुकं झालं असतं. सिमवरचंच घ्या.

स्वयंपाकाचं एवढंच सांगते, की कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहे आणि इतक्या लहान गाडीत ओट्यावरून पडलेला तुकडा त्यांच्या तोंडातच पडतो. चिरण्याचं काम मी बाहेरच्या टेबलावर करत होते.

दाराच्या लोखंडी जाळीच्या पायरीत चिंगीची नखं अडकायची. त्यावर खरखरीत पायपुसणं वायरनं बांधलं. आत सीट बेल्टला अडकणारे हार्नेस, दोघांचे वेगळे. जोरात ब्रेक लागला की तीस किलोचा बंडू काय करेल याचा विचार करा.

शेवटी तब्येतीबद्दल. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा, कॅम्पमध्ये मागतात. आणि अ‍ॅरिझोनाच्या मातीत व्हॅली फीव्हरची बुरशी असते. धूळ हुंगताना ती फुप्फुसात जाते. खोकला, ताप, वजन उतरणं, लंगडणं ही लक्षणं काही आठवड्यांनी, कधी त्याहून बरीच उशिरा दिसतात, म्हणजे तुम्ही घरी परतल्यावर. उत्तरेकडच्या डॉक्टरांच्या मनात हा आजार पटकन येत नाही. बंडूला एप्रिलमध्ये खोकला झाला तेव्हा आम्ही दवाखान्यात शिरल्या शिरल्या हिवाळा कुठे काढला ते सांगितलं. रक्त तपासलं, काही निघालं नाही. तुम्हीही हे पहिल्याच वाक्यात सांगा, वेळेवर कळलं तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध देऊन उपचार होतो, औषध मात्र महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं.