मेंदूचा सीटी स्कॅन, जळगाव (5 पैकी 4 स्टार)
माझी माय, वय 58, आम्ही रावेरकडचे. दोन-तीन महिन्यांपासून सकाळी उठली की डोकं दुखायचं न मग डावा पाय ओढत चालायला लागली, आम्हाला वाटलं केळीच्या बागेत दिवसभर वाकून काम, नस दबली असेल. आधी दुसऱ्या एका ठिकाणी साधा सीटी काढला होता, रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या सुरू, पाय काही सुधरेना.

मग डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट (फोटोत गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) टाकून काढा म्हणून चिठ्ठी दिली न ह्या सेंटरला आलो. फोनवरच विचारलं, शुगर आहे का, गोळ्या कोणत्या, क्रिएटिनिनचा (किडनी नीट चालते का ते बघायची रक्ततपासणी) रिपोर्ट आणा, कारण ते कॉन्ट्रास्टचं आयोडीनवालं औषध किडनीवाटे बाहेर जातं. चार तास उपाशी. मायने कानातलं, फुली काढली पण डोरलं काढायला तयारच नाही, तर तिथल्या ताईने ते मायच्याच रुमालात बांधून माझ्या हातात दिलं न म्हणाली, "मावशी, थोडा वेळच, लगेच घाला परत." सुई लावताना सांगितलं की अंगभर गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल पण होत नाही, घाबरू नका. आधी सांगितलं म्हणून माय अजिबात हलली नाही.

खरं कौतुक रेडिओलॉजिस्ट मॅडमचं. आम्हाला आत बोलावून जुना न नवा फोटो शेजारी-शेजारी लावून दाखवला. जुन्यात गाठ मेंदूसारखीच राखाडी, म्हणून कोणाला दिसली नाही, कॉन्ट्रास्टनंतर तीच जागा लख्ख पांढरी, आवळ्याएवढी, उजव्या बाजूला वर कवटीला चिकटलेली न तिथलं हाडही जाड झालेलं. म्हणाल्या मेनिन्जिओमा वाटतोय, ही गाठ मेंदूत नाही तर वरच्या आवरणात होते, बायकांमध्ये जास्त, न बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. माय तिथेच रडली, मी पण. पण पक्कं गाठ काढून तपासल्यावरच कळेल न मोठी शीर किती जवळ आहे ते बघायला सर्जनला एमआरआय लागेल, हेही स्पष्ट सांगितलं, स्वतःकडे एमआरआय नसताना!

एक स्टार कमी कारण बाहेर बसायला जागा कमी, एप्रिलच्या उन्हात पेशंट जिन्यात बसलेले, न रिपोर्ट दुपारी म्हणून सांगून रात्री आठला दिला, आमची शेवटची गाडी गेली.

न हो, फिल्मसोबत सीडी मागून घ्या, न्यूरोसर्जननी आमच्याकडे पहिले तीच मागितली.